हातची विद्या

वर्षभर घर चालवताना लागणारं शास्त्र कुठल्या पुस्तकात पूर्ण सापडत नाही. ते हातात असतं आणि हात थकले की जातं. विणकाम, वाळवण आणि परसबाग यांच्या वाटेनं घेतलेला त्या शास्त्राचा हा मागोवा.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ती नोंद होती. सहा वर्षांवरच्या मुली-बायकांपैकी ८१.२ टक्के जणी घरातलं बिनपगारी काम करताना आढळल्या. पुरुषांत हेच प्रमाण २६.१ टक्के निघालं. हे काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषाचा ९७ मिनिटं. २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. बाईची मिनिटं २८९ वर आली आणि पुरुषाची ८८ वर. पाच वर्षांत बाईच्या वाट्याची दहा मिनिटं सुटली. पण पुरुषानं ती उचलली असं म्हणावं, तर त्याचीही नऊ कमीच झाली.

हा हिशेब महत्त्वाचा आहे. तो मांडला गेला म्हणून निदान संसदेत आणि वर्तमानपत्रांत घरकामाची चर्चा तरी होते. पण या पाच तासांत बाई काय काय करते, ते करण्यासाठी तिला काय काय ठाऊक असावं लागतं आणि ते ती कुणाकडून शिकली, हे तक्त्यात येत नाही. गव्हाचा चीक कधी उतरवायचा, बाळाच्या स्वेटरचा गळा किती ठेवायचा, वेलावरचं कोणतं दोडकं बियाणाला राखायचं, हे निर्णय घराघरात रोज घेतले जातात. त्यामागं निरीक्षण आहे, चुका सुधारत आलेला अनुभव आहे आणि तीन-चार पिढ्यांचं शिक्षण आहे. याला विद्या म्हणायला आपण फार कचरतो. हा लेख त्या विद्येबद्दल आहे. दिवाळीपासून दिवाळीपर्यंतचं घरातलं एक वर्ष धरून ती पाहू.

थंडी : सुया आणि लोकर

दिवाळीचे डबे रिकामे होत येतात तसे पुण्या-नाशकात रस्त्याकडेला तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरचे गाळे लागतात. घरातल्या ट्रंकेतून शाली, मफलरी बाहेर निघतात, त्यांना ऊन दाखवलं जातं. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की थंडी खरी पडली, असं सगळा महाराष्ट्र मानतो.

दोन सुयांवरचं विणकाम हा आपल्याकडचा जुना उद्योग नाही. इथली जुनी लोकर म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरायचे, तिचं सूत निघायचं, सणगर ते मागावर विणायचे आणि विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायचे. सुयांचं विणकाम एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि इंग्रजी घरांतून इकडे आलं. पुढं मुलींच्या शाळांत शिवणटिपण हा विषय झाला. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं सेवासदनाचं काम सुरू झालं, तिथं प्रौढ बायका शिवणकाम शिकू लागल्या. १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं आणि बायकांच्या वाचनाला स्वतःची जागा मिळाली. बायकांच्या मासिकांतले विणीचे नमुने मग हातोहात फिरले. एकीनं वहीत उतरवून घ्यायचा, दुसरीनं तिच्याकडून. परकं कौशल्य दोन-तीन पिढ्यांत इतकं आपलं झालं, की बाळंतविड्यात हातचा स्वेटर नसेल तर आजीला चुकल्यासारखं वाटू लागलं.

विणकाम करणारी बाई मनात सतत आकडे मोजत असते. नव्या लोकरीचा आधी छोटा चौकोन विणायचा, त्यावर पट्टी ठेवून एका इंचात किती टाके बसले ते मोजायचं आणि छातीच्या मापाला तितक्यानं गुणायचं. हे केल्याशिवाय टाके घालणारी बाई फसते, कारण दोघींचे हात सारखे नसतात. एकीची वीण घट्ट, दुसरीची सैल. सुयांचे नंबरही आपल्याकडे उलटे चालतात. नंबर मोठा तितकी सुई बारीक. म्हणून कमरेची पट्टी बारा नंबरवर आणि अंग दहा नंबरवर, असा साधा हिशेब असतो. पट्टीला एक सुलट, एक उलट घेतलं की वीण रबरासारखी ताणते आणि सोडली की परत अंगाला बसते. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. म्हणून त्याच्या स्वेटरला खांद्यावर बटणं ठेवायची, नाहीतर गळ्यातून डोकं जाताना बाळ रडून घर डोक्यावर घेतं. काखेशी टाके किती घटवायचे, बाहीला किती ओळींनी एक टाका वाढवायचा, हे सगळं भूमितीच्या तासाला शोभेल असं आहे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या कितीतरी बायकांनी ही भूमिती आयुष्यभर बिनचूक वापरली.

पूर्वी स्वेटर एका जन्मात संपत नसे. मोठ्याला आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीची लडी करायची, ती धुवून, खाली वजन बांधून टांगायची म्हणजे धाग्याचे कुरळे पीळ सरळ होतात. मग धाकट्यासाठी तीच लोकर पुन्हा सुईवर. कमी पडली तर मध्ये दुसऱ्या रंगाचे पट्टे. आमच्या पिढीच्या अनेकांच्या शाळेच्या फोटोंत असे पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर दिसतील. ते पट्टे हौसेचे नव्हते, काटकसरीचे होते. पण रंग शोधताना विणणारीनं डोळ्यांना गोड दिसेल याची काळजी घेतलेली असायची.

आता बाजारात ॲक्रिलिक जास्त दिसतं. लुधियानाच्या गिरण्यांतून ते सगळीकडे जातं. स्वस्त आहे, टोचत नाही, घरच्या बादलीत धुता येतं. पण आगीशी ते वितळतं आणि कातडीला चिकटतं, म्हणून शेक-शेगडीच्या खोलीत तान्ह्या बाळाला ते घालू नये. मुंबई-कोकणच्या दमट हवेला तर सुती धागाच बरा. तिकडे सुयांपेक्षा क्रोशाची सुई जास्त चालली. दारावरची तोरणं, देवघरातली आसनं, ट्रेवरचे रुमाल, अलीकडे ताटाभोवती मांडायच्या क्रोशाच्या महिरपी, ही सगळी त्या एका आकडेदार सुईची करामत.

विणकामाचा आणखी एक गुण असा, की ते उरल्यासुरल्या वेळात मावतं. कुकरची शिट्टी होईपर्यंत दोन ओळी, दवाखान्यात नंबर येईपर्यंत चार. मुंबईच्या लोकलमधला बायकांचा डबा याची साक्ष आहे. तिथं मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते आणि खिडकीशी बसलेल्या बाईच्या मांडीवर लोकरीचा गुंडाही फिरत असतो. सलग मोकळा तास ज्यांच्या वाट्याला कधी येत नाही, त्यांनी हे कौशल्य तुकड्यातुकड्यांनी वाढवलं.

लोकरीच्या बरोबरीनं गोधडीचं नाव घ्यायलाच हवं. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर अंथरायची, कडा आधी पक्क्या करायच्या आणि मग कडेकडून आत धावदोरा घालत जायचं. मधला थर गोळा होऊ नये म्हणून टाके जवळजवळ. बाळाच्या दुपट्याला आजीचं जुनं सुती लुगडंच हवं असतं, कारण शेकडो वेळा धुतलेल्या सुतासारखं मऊ नवं कापड मिळत नाही. कुंची, झबलं, टोपडं, मोजे, दुपटं असा बाळंतविडा माहेरी तयार होतो, तेव्हा घरातल्या प्रत्येक पिढीचा हात त्याला लागलेला असतो.

ऊन : वाळवण आणि बेगमी

होळी झाली की घराचं लक्ष उन्हाकडे जातं. मार्च ते मे या काळात महाराष्ट्रातल्या गच्च्या, अंगणं आणि खाटा स्वयंपाकघराचा भाग होतात. वर्षभराचं धान्य भरायचं, मसाला कुटून आणायचा, लोणची घालायची आणि वाळवणं करायची, हे सगळं याच उन्हात.

कुरडई घ्या. चांगले गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. या तीन दिवसांत दाणा आंबतो आणि मऊ होतो. मग वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून चोथा पिळून काढायचा. गाळलेलं पाणी रात्रभर न हलवता ठेवलं की सकाळी तळाशी पांढरा शुभ्र चीक बसलेला असतो. वरचं पिवळसर पाणी हलक्या हातानं ओतून द्यायचं. चीक मोजायचा, त्याच्या मापानं पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ-हिंग घालायचं आणि एका हातानं चीक सोडत दुसऱ्या हातानं चाटू फिरवत राहायचं. चीक हाटताना हात थांबला की गुठळी झाली. पांढरा चीक हळूहळू पारदर्शक होतो, चाटूला जड लागतो आणि त्याला चकाकी येते. ती चकाकी म्हणजे पिठूळ कण पाणी पिऊन फुगल्याची खूण. तेव्हाच झाकण ठेवून वाफ आणायची आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालायच्या. चीक कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुटते, तळताना फुलत नाही. नीट शिजलेली आणि कडकडीत वाळलेली कुरडई वर्षभर टिकते. गरम तेलात तिच्यातल्या उरल्यासुरल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि ती दुपटी-तिपटीनं फुलते. भांड्याच्या तळाशी राहिलेला चीक दूध-साखर घालून पोरांना मिळायचा आणि त्या वाटीसाठी पोरं पहाटे उठायची.

अशी किती वाळवणं सांगावीत! उडदाचे पापड, पोह्याचे मिरगुंड, कोहळ्याचे सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, भरून वाळवलेल्या मिरच्या. खानदेशात ज्वारीचे बिबडे. कोकणात रातांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं करून काळीभोर आमसुलं होतात. आंबापोळी, फणसपोळी, आंबोशी हीही तिकडची बेगमी. कोकणात पावसाळ्याचे चार महिने नदी-नाले ओलांडून बाजार गाठणं अवघड असे. मे महिन्यात जे केलं, त्यावर आषाढ-श्रावण निघायचा.

मसाल्यात तर जिल्ह्याजिल्ह्याची सही असते. ब्राह्मणी घरांतला गोडा मसाला धणे, तीळ, खोबरं आणि दगडफुलावर उभा. कोल्हापूरकडे कांदा-लसूण घातलेलं तिखट. खानदेशात काळा मसाला, मालवणात मालवणी. मिरची निवडताना रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी असा मेळ घालतात. जिन्नस एकत्र टाकून भाजायचे नाहीत, हा नियम मात्र सगळीकडे सारखा. तीळ लगेच तडतडतात, धण्यांना वेळ लागतो, दगडफूल तर बघता बघता जळतं. प्रत्येकाचा ओलावा वेगळा, म्हणून प्रत्येकाची आच वेगळी. मग सगळं गार करून डंकावर न्यायचं आणि कुटून होईपर्यंत तिथंच उभं राहायचं.

हे काम एकटीनं होत नाही. आज हिच्याकडे पापड, उद्या तिच्याकडे. लाट्या करणारी एक, लाटणाऱ्या चौघी-पाच जणी, वाळत घालणारी एखादी तरतरीत पोरगी आणि काठी घेऊन कावळे हाकणारी चिल्लीपिल्ली. दुपारभर पोळपाट-लाटण्यांचा आवाज आणि त्यावर गप्पा. नव्या सुनेला वस्तीत ओळख मिळायची ती बहुतेक वेळा याच घोळक्यात.

याच कामातून मुंबईत मोठ्या गोष्टी उभ्या राहिल्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढं ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ झालं. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचल्या होत्या. त्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. आमटी-भाकरीचं कौशल्य बाजारात उतरलं तेव्हा त्याची किंमत लोकांना कळली. तीच आमटी-भाकरी घरात रोज दोन वेळा होत होती, तेव्हा ती कुणाच्या हिशेबात नव्हती.

स्वयंपाकाची ही विद्या कागदावर आणण्याचे प्रयत्न मराठीत लवकर सुरू झाले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं. लोकसंस्कृतीच्या थोर अभ्यासक दुर्गाबाई भागवत यांनी ‘खमंग’ लिहिलं आणि विद्वत्ता व चूल यांत अंतर नसतं हे दाखवलं. पण घराघरात पोहोचलं ते १९७० सालचं ‘रुचिरा’. त्यात कमलाबाई ओगले यांनी मापं दिली ती वाटी आणि चमच्याची. तोवर सासूबाई सांगायच्या ती मापं त्यांच्या ओंजळीची होती आणि आजीची शेर-पायलीची. पायली म्हणजे चार शेर, हे गणित मेट्रिक पद्धत आल्यावर नव्या मुलींना परकं झालं होतं. माहेर-सासरपासून दूर, बदलीच्या गावी दोनच माणसांचा संसार मांडणाऱ्या मुलीजवळ विचारायला कुणी नव्हतं. कमलाबाईंच्या वाटीनं तिचा हात धरला. नव्या नवरीच्या सामानात हे पुस्तक जाऊ लागलं ते उगाच नाही.

पाऊस : परसबाग

मृग लागला की वाळवणाचे डबे वरच्या फळीवर जातात आणि घर परसदारी वळतं. कोकणातल्या घरामागं पडवळ, दोडकी, काकडीचे मांडव उभे राहतात. पडवळाच्या टोकाला दगड बांधतात, म्हणजे ते वेटोळं न होता सरळ लांब वाढतं. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ. वाया जाणारं पाणी पिकाला देण्याची ही व्यवस्था नगरपालिकेच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, अडुळसा, कोरफड ही घरातली औषधं. हळदीची पानं पातोळ्यांसाठी. शेवग्याचं झाड कुंपणाशी, कारण त्याची फांदी वाऱ्यात सहज मोडते. ती छपरावर पडू नये.

अळू हे परसबागेच्या ज्ञानाचं चांगलं उदाहरण. काळ्या देठाचं वडीला आणि हिरव्या देठाचं भाजीला, हे प्रत्येक घरी ठाऊक. पण त्यात खाजरं अळूही असतं. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. बायकांनी यावर चिंच किंवा आमसुलाची तोड काढली. भाजी भरपूर शिजवायची आणि तिला आंबट घालायचं. रसायनशास्त्राचं नाव न घेता केलेलं हे रसायनशास्त्र आहे.

भाद्रपदात ऋषिपंचमीला या बागेचा मान असतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. मग शेतात नांगरून पिकवलेलं सगळं बाजूला राहतं आणि परसात माणसाच्या हातानं वाढवलेलं पानात येतं. अळू, माठ, भेंडी, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसं, सगळं एकत्र शिजवलेली ऋषीची भाजी. आज ती भाजी बाजारात तयार वाट्यांनी मिळते. ती घेण्यात काही गैर नाही. पण परसबागेशिवाय ही भाजी सुचली नसती, एवढं लक्षात असावं.

परसबागेतलं सगळ्यांत मोलाचं काम बियाणाचं. वेलावरचं निरोगी, ठसठशीत फळ बघायचं, त्याला खूण करायची आणि घरातल्या पोरांना दम द्यायचा की याला हात लावायचा नाही. ते वेलावरच जून होऊ द्यायचं. मग बी काढून, वाळवून, राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं. हे काम राहीबाई पोपेरे यांनी जगापुढं आणलं. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. त्या शाळेत गेल्या नाहीत. गावरान वाल, घेवडे, भाज्या, भात यांचं बियाणं त्यांनी घरच्या मडक्यांत जपलं, ओळखीच्या बायकांना दिलं, त्यांच्याकडून परत मिळवलं. बाएफ या संस्थेच्या मदतीनं त्यांच्या घरी बियाणांची बँक उभी राहिली. बीबीसीनं २०१८ साली जगातल्या १०० प्रेरक स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंनी जे जपलं ते सह्याद्रीच्या कुशीतल्या हजारो घरांत पूर्वी होतं. संकरित बियाणाची पाकिटं आली तशी मडकी रिकामी झाली. त्या पाकिटातल्या वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवेल याचा भरवसा नसतो, म्हणून दरवर्षी नवं पाकीट आणावं लागतं.

शहरात परस नाही, ही अडचण खरी आहे. पण तिथंही वाटा निघाल्या. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे माणूस. ‘प्रयोग परिवार’ उभारून त्यांनी घरचा पालापाचोळा, थोडं शेण-गोमूत्र, गूळ आणि मूठभर माती यांतून सुपीक माती करायला लोकांना शिकवलं. त्यांच्या विचारावर अनेक गच्च्या हिरव्या झाल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली. चार तास ऊन येणाऱ्या खिडकीत कढीपत्ता, पुदिना, गवती चहा आणि एखादी मिरची होतेच. कोथिंबिरीला धणे हलके रगडून, दोन फाका करून पेरावे लागतात. शहरातल्या नव्या बागवाल्यांची पहिली कोथिंबीर बहुतेक वेळा याच एका गोष्टीसाठी अडते.

घर : कुणी शिकवायचं, कुणी शिकायचं

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की हे सगळं जुन्या दिवसांचे गोडवे गाणं आहे. तसं ते होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चीक हाटताना बायकांचे हात भाजत होते. उन्हात दिवसभर वाकून पापड घालताना कंबर धरत होती. घरात आलेल्या सुनेला हे येत नाही म्हणून टोमणे ऐकावे लागत होते आणि नको म्हणायची तिला सोय नव्हती. ज्या मुलींनी शिकून नोकऱ्या धरल्या आणि तयार मसाला आणायला सुरुवात केली, त्यांनी काहीही चूक केलं नाही. त्यांच्या आयांनीच त्यांना तसं सांगितलं होतं. आमच्या घरीही सांगितलं गेलं.

सक्ती जायलाच हवी होती. पण सक्तीबरोबर विद्याही चालली आहे आणि ती जाण्याचं काही कारण नाही. हे कौशल्य बाईच्याच गळ्यात का पडलं, हा खरा प्रश्न आहे. कारण पुरुषाला ते येत नाही, असं इतिहास सांगत नाही. घोंगडी विणणारे सणगर पुरुष होते. शिंपी पुरुष होते. लग्नाच्या पंगती उठवणारे आचारी पुरुष होते. ‘सूपशास्त्र’ पुरुषानं लिहिलं. पैसे मिळणार असतील तिथं पुरुषाच्या हाताला सुई आणि झारा दोन्ही चालले. बिनपगारी कामात मात्र ते बाईकडे सोपवले गेले. तेव्हा घरातल्या मुलाला टाके घालायला, चीक हाटायला, बी राखायला शिकवणं यात परंपरेच्या विरुद्ध काही नाही. घरकामातला पुरुषांचा, ९७ मिनिटांवरून ८८ मिनिटांवर आलेला आकडा वर न्यायचा असेल तर दहा वर्षांच्या मुलापासूनच सुरुवात करावी लागेल. मुलांची बोटं या वयात चपळ असतात आणि आकडे मोजत विणायला त्यांना आवडतं.

दुसरी गरज नोंदीची. ज्या बायकांना घरातलं वर्षाचं हे चक्र पूर्ण ठाऊक आहे, त्या आज साठी-सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांच्याकडून शिकायला वेळ फार नाही. मराठी मुलुखात अशी नोंद किती मोठ्या प्रमाणावर करता येते, याचा एक नमुना आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना म्हटलेल्या, कुणी लिहून न घेतलेल्या त्या ओव्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर सगळ्यांना खुल्या आहेत. ओव्यांसोबत त्या गाणाऱ्या बायकांची नावं आणि गावं दिली आहेत. विद्वानांनी बाईच्या दारात बसून, तिला गुरू मानून लिहून घेतलं, म्हणून तो ठेवा उरला.

घराघरातल्या या विद्येसाठी असा प्रकल्प उभा राहायची वाट पाहायला नको. हे काम आपल्याला आपापल्या घरात करता येईल आणि दिवाळीसारखी वेळ नाही. फराळाच्या निमित्तानं सगळे जमलेले असतात, भाऊबीजेला भावंडं भेटतात, आजी-आत्या-मावश्या एका ठिकाणी असतात. एक दोनशे पानी वही घ्या. चकलीच्या भाजणीत डाळ-तांदळाचं प्रमाण काय, ते विचारा; त्याहून जास्त, भाजणी झाली हे त्यांना वासावरून कळतं की रंगावरून, ते विचारा. फोनवर त्यांचे हात चालताना चित्रित करा. आजीच्या ओंजळीत किती ग्रॅम पीठ मावतं, ते तागडीवर मोजून लिहा. तिनं विणलेला जुना स्वेटर असेल तर त्याचे टाके मोजून ठेवा. परसातलं किंवा कुंडीतलं बी कागदाच्या पुडीत बांधून त्यावर वाणाचं नाव आणि साल लिहा. लिहून घेताना घरातल्या मुलांनाही जवळ बसवा, मुलींना आणि मुलांना, दोघांनाही.

आणि वहीत प्रत्येक कृतीखाली ती सांगणारीचं नाव पूर्ण लिहा. कमलाबाई ओगले आणि राहीबाई पोपेरे यांची नावं आपल्याला ठाऊक झाली, कारण त्यांचं काम घराबाहेर आलं. आपल्या घरातल्या बाईचं काम घरातच राहिलं, एवढाच फरक. ही विद्या तिची आहे आणि ती पुढच्या पिढीकडे तिच्या नावानंच जायला हवी.